बेळगावातला एक छापखाना, अकरा कॉम्प्युटर आणि रोज वेगळ्याच मशीनवर अडणारी प्रिंट

हे प्रकरण बेळगावातल्या शहापूर भागातल्या एका छापखान्याचं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यंत्रणा, बिघाड आणि उपाय जसे होते तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, बिलबुकं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका ही इथली मुख्य कामं. मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत येतो. गिऱ्हाईक शहरातलं तसं खानापूरचं, निपाणीचं आणि हद्दीपलीकडच्या चंदगडचंही.

इथे कॉम्प्युटर अकरा. डीटीपीसाठी विंडोज १० चे चार, नवे घेतलेले विंडोज ११ चे दोन, डिझायनरचा एक आयमॅक, फायली साठवायला उबुंटूचं एक मशीन (त्यावर सांबा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फायली शेअर करणारा प्रोग्रॅम), दोन लॅपटॉप आणि विंडोज ७ चा एक जुना पीसी. हा जुना पीसी जपून ठेवण्याचं कारण एकच: पंधरा-वीस वर्षांच्या कामाच्या फायली ज्या फाँट-पॅकेजमध्ये आहेत, त्याचं डाँगल (ते चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी किल्ली) फक्त त्याच्यावर चालतं.

प्रिंटर चार. वरच्या मजल्यावर ए३ कलर मल्टिफंक्शन, नेटवर्क पोर्ट आणि पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगणारी एक भाषा) असलेला. खाली ए४ चा काळा-पांढरा लेसर, त्यालाही नेटवर्क पोर्ट, पण त्याला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, पीसीएल ही दुसरी भाषा कळते. काउंटरवर युएसबीचा एक छोटा लेसर आणि बिलांसाठी डॉट मॅट्रिक्स.

या चारपैकी तीन प्रिंटर काउंटरच्या पीसीवर बसवून तिथून विंडोज शेअरिंगने सगळ्यांना दिलेले होते. खालच्या लेसरला स्वतःचा नेटवर्क पोर्ट होता, तरी त्याचीही प्रिंट काउंटरच्या पीसीतूनच जायची. तो पीसी बंद असला की सगळे थांबायचे.

अडचण

ऐन लग्नसराईत "प्रिंट जाईना झालीय" ही तक्रार रोजची झाली. लक्षणं मात्र एकसारखी नव्हती, आणि प्रकरण लांबलं ते त्यामुळेच.

विंडोज ११ वर शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी ११बी असलेला एरर यायचा, कधी ७०९ चा. विंडोज १० वर प्रिंटर करडा होऊन ‘ऑफलाइन’ दिसायचा आणि त्याच वेळी शेजारच्या मशीनवरून प्रिंट निघायची. आयमॅकवरून पत्रिकेचं प्रूफ पाठवलं की काही दिवस व्यवस्थित यायचं. एखाद्या सकाळी मात्र खालच्या लेसरमधून तीस-चाळीस पानं भसाभस बाहेर पडायची. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह, पुढे ‘पीएस-अडोब’, आणि त्याखाली पानभर आकडे नि कंस. स्कॅन केलेला कागद उबुंटूच्या फोल्डरमध्ये जाणं तर कधीच बंद पडलं होतं.

आधी जे तंत्रज्ञ येऊन गेले, त्यांनी समोर दिसेल तो एरर काढला. काउंटरच्या पीसीवरचा विंडोज अपडेट अनइन्स्टॉल केला, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत) प्रिंटच्या सुरक्षेची एक नोंद शून्यावर आणली, दोन पीसींवर एसएमबी१ (शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू केलं आणि फोल्डरांना ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देऊन टाकलं. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बरे गेले.

तपासणी: आधी पत्ते, मग बाकी सगळं

यावेळी कुठल्याही ड्रायव्हरला हात लावण्याआधी एका कोऱ्या कागदावर अकरा मशीन आणि दोन नेटवर्क प्रिंटर यांची यादी केली. प्रत्येकापुढे आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा, न बदलणारा नेटवर्क क्रमांक) लिहिला. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, त्यापुढे ‘ऑल’. आयमॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधलं नेटवर्क. प्रिंटरचा पत्ता कॉम्प्युटरवरून वाचला नाही. प्रिंटरच्याच पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज छापून घेतलं. कॉम्प्युटर सांगतो तो त्याच्या आठवणीतला पत्ता असतो, प्रिंटरचा आजचा पत्ता त्या छापलेल्या पानावरच मिळतो.

अर्ध्या तासात कागद भरला आणि तीन गोष्टी उघड झाल्या.

पहिली: वायरवरच्या मशीनचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते, तर आयमॅक, दोन्ही लॅपटॉप आणि एक विंडोज ११ यांचे १९२.१६८.० ने. म्हणजे छापखान्यात नेटवर्क एक नव्हतं, दोन होती. इंटरनेट कंपनीच्या फायबर बॉक्सला गिऱ्हाइकांसाठी म्हणून एक वायफाय राउटर जोडला होता आणि त्याची केबल ‘वॅन’ (बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या) पोर्टात होती. तो राउटर आपलं वेगळं नेटवर्क तयार करून मधे भिंतीसारखा उभा होता. या भिंतीची खोड अशी की आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. आयमॅकवरून प्रिंटरच्या पत्त्यावर थेट पाठवलेली प्रिंट जायची, पण प्रिंटर यादीत आपोआप दिसायचा नाही, कारण प्रिंटर शोधण्याची हाक (मॅकचं बाँजूर, विंडोजचं डब्ल्यूएसडी) राउटर ओलांडत नाही.

दुसरी: दोन्ही नेटवर्क प्रिंटर डीएचसीपीवर होते, म्हणजे आपला पत्ता फायबर बॉक्सकडून मागून घेत होते. वीज गेली की फायबर बॉक्सही बंद पडायचा, आणि त्या स्वस्त बॉक्सला कुणाला कोणता पत्ता दिला हे आठवत नव्हतं. वीज आली की जो आधी जागा होईल त्याला रांगेतला पहिला पत्ता. प्रिंटर कधीकधी बॉक्सच्याही आधी जागा व्हायचा, पत्ता मागून थकायचा आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसायचा. तो पत्ता दिसला की समजावं, डीएचसीपीची भेटच झालेली नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिचा धागा वरच्या मजल्यावर सापडला. ए३ मशीनच्या ट्रेमध्ये कुणी न्यायला न आलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला होता. त्या पाठवल्या होत्या खालच्या लेसरला, आणि खाली सगळे त्या ‘हरवल्या’ म्हणून पुन्हा पुन्हा पाठवत होते. दोन्ही प्रिंटरांचे पत्ते वीज गेल्यावर आपसात बदलले होते. ए३ मशीनला पीसीएल कळत असल्याने त्याने प्रश्नपत्रिका मुकाट छापल्या. खालच्या लेसरला पोस्टस्क्रिप्ट कळत नव्हतं, म्हणून आयमॅककडून आलेली पत्रिका त्याने साधा मजकूर समजून अक्षरशः छापली. आयमॅकचा ड्रायव्हर बरोबरच होता, घर चुकलं होतं. याआधी तो तीनदा काढून पुन्हा बसवला गेला होता.

पत्ता खरंच कुणाचा आहे हे पाहण्याची सोपी रीत: प्रिंटरची नेटवर्क केबल काढा आणि त्याच्या पत्त्याला पिंग करा (हाक मारून उत्तर येतं का ते बघा). तरीही उत्तर आलं, तर तिथे दुसरंच कुणी बसलंय. मग एआरपी कमांडला ‘ए’ जोडून मॅक ॲड्रेस बघायचा आणि कागदावरच्या यादीशी ताडायचा.

पत्ता बरोबर असेल तर पुढची पायरी पोर्टची, म्हणजे प्रिंट आत घेणाऱ्या क्रमांकाच्या दाराची (९१०० किंवा ६३१). नुसता पिंग पुरेसा नाही. विंडोज १० आणि ११ वर पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शनने ९१०० उघडा आहे का ते बघितलं, उबुंटू आणि आयमॅकवर एनसीने ९१०० आणि ६३१. विंडोज ७ मध्ये ती पॉवरशेल कमांड नाही, तिथे टेलनेट चालू करून घ्यावं लागलं.

विचारात घेतलेले पर्याय

*एरर येईल तसा काढत राहणं.* हाच मार्ग आजवर चालू होता. ११बीचा एरर हा बिघाड नाही. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासून विंडोज शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलताना जास्त कडक ओळख मागतं. रजिस्ट्रीतली ती नोंद शून्य केली की एरर जातो आणि अपडेटने बुजवलेलं भोक पुन्हा उघडतं. ज्या पीसीवर दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, तिथे असं करणं धोक्याचं आहे. एसएमबी१ चंही तेच. २०१७ सालच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ते मुळात बंद येतं, आणि त्याला कारण आहे.

*फायबर बॉक्सला छोटा युपीएस देणं.* पत्ते बदलणं त्याने कमी झालं असतं. पण युपीएसची बॅटरी एक दिवस संपतेच, आणि दोन नेटवर्कांचा प्रश्न तसाच राहिला असता. उपाय म्हणून अपुरा, जोड म्हणून चांगला.

*उबुंटूला प्रिंट सर्व्हर करणं.* कप्स (लिनक्सवर छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम) बसवून सगळ्यांनी त्याच्याकडे प्रिंट पाठवायची. कागदावर हा सगळ्यात सुबक पर्याय. पंचवीस-तीस मशीन असती किंवा कुणी किती पानं छापली याचा हिशेब हवा असता तर तोच घेतला असता. पण उबुंटू सांभाळणारा माणूस इथे रोज नसतो, आणि त्याची डिस्क गेली तर फायलींबरोबर छपाईही थांबली असती. ए३ मशीनचे ट्रे, दोन बाजूंची छपाई, रंगाची सेटिंग्ज हे सगळं प्रत्येक मशीनवर मूळ ड्रायव्हरमधूनच नीट मिळत होतं.

*प्रत्येक मशीनने प्रिंटरशी थेट बोलणं.* नेटवर्क पोर्ट असलेला प्रिंटर स्वतःच एक सर्व्हर असतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांना एकमेकांची शेअरिंगची भाषा समजावत बसण्यापेक्षा तिघांनाही येणारी प्रिंटरची भाषा वापरणं केव्हाही बरं. हा पर्याय घेतला.

नवे वायफाय प्रिंटर घ्यावेत असाही विचार मालकांच्या मनात होता. पण मधली भिंत तशीच राहिली असती तर नवे प्रिंटरही तसेच अडले असते.

केलेली कामं

वायफाय राउटर. क्रम असा हवा होता: आधी राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, मग त्याचा डीएचसीपी बंद करायचा आणि शेवटी केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’ पोर्टात घालायची. प्रत्यक्षात केबल आधी हलवली गेली. दहा मिनिटं एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी पत्ते वाटत होते, आणि तीन मशीननी चुकीचे पत्ते घेतले. आयपीकॉन्फिगने रिलीज-रिन्यू करून ती ताळ्यावर आणावी लागली. राउटरमधलं ‘क्लायंट आयसोलेशन’ही बंद केलं, नाहीतर वायफायवरची मशीन एकमेकांना दिसत नाहीत. आता हे वायफाय घरातल्याच नेटवर्कचा भाग झाल्यामुळे पासवर्ड बदलला आणि गिऱ्हाइकांना तो देणं थांबवलं. मजकूर ते मोबाइलच्या डेटावरून पाठवतात, त्यांचं काही अडलं नाही.

प्रिंटरचे पत्ते. फायबर बॉक्सची डीएचसीपी मर्यादा १०० ते १९९ (पत्त्याचा शेवटचा आकडा) ठेवली. त्याबाहेरचे पत्ते हाताने दिले: उबुंटू १०, ए३ मशीन २१, खालचा लेसर २२. इथे एक निर्णय होता. पत्ता बॉक्समध्ये राखून ठेवायचा की प्रिंटरच्या पॅनेलवर टाइप करायचा? पॅनेलवर टाइप केला, कारण मग वीज आल्यावर प्रिंटरला कुणाची वाट बघावी लागत नाही.

विंडोज. जुने सगळे प्रिंटर काढले आणि प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन जुने पोर्ट आणि ड्रायव्हरही काढले. नुसता प्रिंटर डिलीट केला तर पोर्ट मागे राहतो आणि पुढच्या वेळी विंडोज तोच उचलतं. मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, प्रोटोकॉल रॉ, क्रमांक ९१००. त्याच खिडकीतली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ही खूण काढली. प्रिंटरने एसएनएमपीच्या (प्रिंटरची स्थिती विचारणाऱ्या) प्रश्नाला उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला ‘ऑफलाइन’ ठरवतं, आणि करडा दिसणारा तो प्रिंटर बऱ्याच वेळा एवढ्याच कारणाने करडा होता. काउंटरच्या पीसीवर रजिस्ट्रीतली नोंद पूर्ववत केली, अपडेट परत घेतले, एसएमबी१ काढून टाकलं.

आयमॅक. प्रिंटर जोडताना आयपीच्या टॅबमध्ये पत्ता टाकला. खालच्या लेसरसाठी एअरप्रिंट. ए३ साठी जेटडायरेक्ट निवडून कंपनीचा ड्रायव्हर हाताने निवडला. तिथे ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ राहू दिलं असतं तर प्रिंट आली असती, पण या मशीनची स्वतःची सगळी सेटिंग्ज मिळाली नसती. डिझायनरच्या यादीत जुनी रांगही त्याच नावाने राहून गेली होती. आठवड्याने पुन्हा "प्रिंट जात नाही" अशी तक्रार आली, ती एवढ्यासाठीच. नव्या रांगेच्या नावात ‘२१’ घातल्यावर गोंधळ मिटला.

उबुंटू. इथे एकाच प्रिंटरच्या दोन-दोन रांगा दिसत होत्या: एक हाताने केलेली आणि एक कप्स-ब्राउज्ड सेवेने आपोआप आणलेली. ती सेवा बंद केली.

डॉट मॅट्रिक्स. हा एकच प्रिंटर शेअर करणं भाग होतं, कारण हिशेबाचं विंडोज ११ मशीन वरच्या मजल्यावर आणि बिल फाटतं काउंटरवर. काउंटरच्या पीसीवर फक्त छपाईसाठी पासवर्ड असलेला एक लोकल युजर केला, कारण विंडोज ११ प्रोची नवी आवृत्ती पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून दुसऱ्या मशीनमध्ये शिरत नाही. वरच्या मशीनवर तो पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवला, ड्रायव्हर तिथेच बसवला आणि ‘लोकल पोर्ट’ म्हणून काउंटरच्या पीसीचं नाव आणि शेअरचं नाव दिलं. त्यामुळे ड्रायव्हर काउंटरकडून ओढून घ्यावा लागत नाही आणि ११बीचा प्रश्नच उद्भवत नाही. शेअरचं नाव छोटं आणि मधे जागा न सोडता ठेवलं. युएसबीचा छोटा लेसर मात्र शेअर केलाच नाही. असे प्रिंटर पानाची जुळणी कॉम्प्युटरकडून करून घेतात. मॅक-लिनक्सवर त्यांचा ड्रायव्हर मिळवण्याचा खटाटोप, आणि गरज कुणालाच नाही.

स्कॅन. ए३ मशीनला फक्त एसएमबी१ येतं. सांबाने आवृत्ती ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ते डिफॉल्टने नाकारायला सुरुवात केली, म्हणून स्कॅन बंद पडलं होतं. सगळ्या सांबाची पातळी खाली आणण्याऐवजी उबुंटूवर एफटीपी (फायली पाठवण्याची जुनी, साधी पद्धत) चालू केलं. एकच युजर, एकच फोल्डर आणि फायरवॉलमध्ये फक्त ए३ मशीनच्या पत्त्याला (शेवटी २१) परवानगी. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही.

विंडोज ७. या आवृत्तीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. त्याला हाताने पत्ता दिला आणि गेटवे व डीएनएस (इंटरनेटला जायला लागणाऱ्या नोंदी) रिकामे ठेवले. प्रिंटर आणि उबुंटू त्याला दिसतात, इंटरनेट दिसत नाही.

नेटवर्कचा दोष नसलेल्या दोन गोष्टी

नव्या विंडोज ११ चा प्रदेश ‘युनायटेड स्टेट्स’ राहून गेला होता. त्यामुळे नवी फाइल लेटर आकारात उघडायची, ए४ भरलेला प्रिंटर लेटर कागद मागत थांबायचा आणि त्याच्या मागची सगळी रांग अडायची. प्रदेश ‘इंडिया’ केला, ड्रायव्हरमध्ये ए४ ठरवला आणि प्रिंटरच्या पॅनेलवर ए४-लेटर अदलाबदलीला परवानगी दिली.

दुसरी गोष्ट फाँटची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पत्रिका आयमॅकवर उघडली की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरं दिसायची, कन्नड मजकुराचंही तेच. दोष प्रिंटरच्या नावावर जायचा. यासाठी नियम ठरला: जिथे फाँट आहे त्याच मशीनवर फाँटसकट पीडीएफ करायचं आणि तेच पुढे द्यायचं. पीडीएफ दुसऱ्या मशीनवरून नीट छापलं गेलं तर प्रिंटर निर्दोष.

निष्पत्ती

चाचणी म्हणून मेन स्विच तीनदा पाडला. दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू करायचा, पंधरा मिनिटांनी प्रत्येक मशीनवरून दोन्ही नेटवर्क प्रिंटरना एक-एक पान पाठवायचं. तिन्ही वेळा सगळी पानं योग्य ट्रेमध्ये आली. फायबर बॉक्स, स्विच आणि उबुंटू यांना एक युपीएस दिला. लेसर प्रिंटर त्यावर लावायचे नाहीत असं प्लगवरच लिहिलं, कारण लेसरचा फ्यूजर तापताना एकदम इतका करंट ओढतो की छोटा युपीएस ट्रिप होतो.

वेगळं काय करता आलं असतं

हे काम दोन महिने आधी, पत्रिकांची गर्दी सुरू होण्यापूर्वी व्हायला हवं होतं. राउटरची केबल हलवण्याआधी कामाचा क्रम कागदावर लिहिलेला असता तर ती दहा मिनिटंही वाचली असती. आणि पहिल्याच भेटीत कुणी "प्रिंट अडली त्याच्या आदल्या रात्री वीज गेली होती का?" एवढं विचारलं असतं, तर ड्रायव्हर काढण्या-घालण्यातले दिवस गेले नसते. काउंटरवरच्या काकांना हे ठाऊक होतं. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी प्रिंटर बिघडतो, असं ते सांगतही होते. त्यांचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही.

हाताने दिलेल्या पत्त्यांची एक बाजू मात्र आधी पुरेशी तोलली गेली नव्हती. पावसाळ्यात फायबर बॉक्स जळाला आणि कंपनीने नवा दिला. तो १९२.१६८.२९ ने सुरू होणारे पत्ते वाटू लागला आणि ते पत्ते घेतलेल्या एकाही मशीनवरून प्रिंट प्रिंटरपर्यंत पोचेना. पहिला विचार प्रिंटरचे पत्ते बदलण्याचा होता. तसं केलं असतं तर प्रत्येक मशीनवरचे पोर्टही बदलावे लागले असते. त्याऐवजी नव्या बॉक्सचा लॅन पत्ता १९२.१६८.१.१ केला, डीएचसीपी पुन्हा १०० ते १९९ केली आणि सगळी मशीन एकदा रीस्टार्ट केली. वीस मिनिटं लागली. लॅन पत्त्याचे ते चार आकडे आता बॉक्सच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर आहेत.